वादी

हेल्मेट घ्यायला रत्नागिरीला गेले तेव्हा
दुकानदारानं आधी रंग विचारला.
मी विचारलं, टेप आहे का?
भुवयांच्या वर एक बोट, कानांवरून,
मागच्या फुगवट्यावरून फिरवून पुन्हा कपाळावर:
सत्तावन्न.
घातल्यावर गाल दाबले गेले पाहिजेत,
मान वळवली की त्यानं मानेबरोबर वळावं,
मागाहून येऊ नये, लग्नातल्या उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखं.
पाऊण तास स्टुलावर तशीच बसून राहिले,
कपाळाला कुठे टोचतंय का बघत.
त्यानं चहा मागवला. काच वर करून प्यायले.

आठवड्यातून तीनदा मी विजयदुर्गाहून कणकवलीला जाते.
मागच्या डब्यात बर्फ, बर्फात नळ्या,
नळ्यांत पडेल, तिर्लोट, मणचे इथल्या माणसांचं रक्त.
लोकांचं इतकं जपून नेते,
तर माझंच रस्त्यावर का सांडू?

जाकीट जाळीचं. कोपरांना, खांद्यांना, पाठीला कडक पट्ट्या.
मे महिन्यात थांबलं की उकडतं, चाललं की निवतं,
म्हणून मी गप्पा मारायला थांबत नाही.
मासळीवाली तारामावशी तरी ओरडतेच,
'गो, ह्या काय घातलंस? कासवीण दिसतंस!'
कासवीण तर कासवीण.

वैरी म्हणाल तर खारा वारा.
चेन धरते, तिच्यावर मेणबत्ती घासायची.
हातमोज्यांना आईनं एकदा मायेनं खोबरेल चोळलं,
सकाळी दहाही बोटांत मुंग्या.
आषाढात कपाटात कोंडलं तर
जाकिटाच्या पाठीवर हिरवी मखमल उगवते.
ते खुंटीवर, सावलीत, झरोक्याच्या तोंडाशी,
खाली वाडग्यात कळीचा चुना.
धुवायचं रिठ्याच्या पाण्यात, पट्ट्या काढून. पिळायचं नाही.
काचेवर वाळलेले किडे खरवडायचे नाहीत;
ओलं फडकं अंथरावं, भाताला दोन कढ येईस्तोवर थांबावं,
आपणहून सुटतात.

गेल्या माघात, मणच्याच्या वळणावर
चिऱ्यांच्या ट्रकनं तांबडी खडी सांडून ठेवलेली.
पुढचं चाक गेलं.
डोक्याशेजारी कुणी नारळ फोडला असं वाटलं,
मग बराच वेळ फक्त एक बकरी.
नळी एकही फुटली नाही.
कोपरावरचं कापड फाटलं, कोपर नाही.

जाकीट हरचंद्र कोयंड्यांनी शिवलं,
धक्क्यावर, जाळ्याच्या सुईनं, नायलॉनच्या सुतानं.
'आता हेच्यात सुरमय गावली तरी सुटूची नाय.'
पैसे विचारले तर म्हणाले,
व्याह्याची साखर किती ती आधी माका सांग.
ते काही नियमात बसत नाही.
मी पाव किलो चहापावडर दिली.

हेल्मेटला ओरखडा एवढासा, नखानं काढावा तसा.
पण आतला पांढरा थर एकदाच दबतो,
दबला की दबला. बाहेरून कळत नाही.
शेजारचा भाग्येश, नवी गाडी, बोडकं डोकं,
हातात घेऊन फिरवून फिरवून म्हणाला,
'खंय फुटलाहा? बरां तर आसा. माका दी.'
तीन हजार आठशेची वस्तू.
दोन दिवस मीही त्याच्याच डोळ्यांनी बघत होते.
तिसऱ्या दिवशी विळीवर वादी कापली.
पटकन तुटेना. चांगली वादी होती.

तो फुरंगटून आठवडाभर बोलला नाही.
मग रविवारी टेप घेऊन त्याच्या अंगणात गेले.
एकसष्ट.
'माझ्यात तू मावलाच नसतास रे,' म्हटलं.
हसला तेव्हा त्याच्या आईनं पैशांचा डबा आणला.

बिनवादीचं हेल्मेट पडवीत उलटं पडलेलं असतं.
चार दिवस झाले, तांबडी कोंबडी त्यात बसून आहे.
जवळ गेलं की पिसं फुलवते.
मी जात नाही.
सव्वासहा झाले, बर्फ भरायचाय.